पोलिओचा डोस आणि मुलांच्या आतड्यात होणारी विषाणूंची सरमिसळ

सूक्ष्मदर्शी

येत्या रविवारी पल्स पोलिओ आहे. परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप फिरला: "डोसमधला विषाणू मुलाच्या पोटात दुसऱ्या विषाणूंशी मिसळतो आणि त्यातून नवाच विषाणू तयार होतो. डोस देऊ नका." लगेच दोन तट पडले. काहींनी अफवा म्हणून झटकून टाकलं, काहींनी नातवंडांना या वेळी डोस द्यायचाच नाही असं ठरवलं. मी बावीस वर्षं एका प्रयोगशाळेत मुलांच्या स्टूलचे नमुने तपासले आहेत, त्यामुळे मला गप्प बसवेना. मी लिहिलं की निरोपातलं पहिलं वाक्य खरं आहे, पण "देऊ नका" हे त्यातून निघत नाही. तेवढ्याने कुणाचंच समाधान झालं नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

तोंडावाटे देतात त्या थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला पोलिओ विषाणू असतो. अल्बर्ट साबिन यांनी तो तयार केला. तो आतड्यात वाढतो, प्रतिकारशक्ती जागी करतो आणि काही आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो. त्याचा जनुकीय मजकूर म्हणजे आरएनएची साधारण साडेसात हजार अक्षरं. एवढ्या मजकुरात दुबळेपणाची अक्षरं अगदी मोजकी. पोलिओचे तीन टाईप असतात, त्यातल्या टाईप २ च्या लसीत तर मुख्य जागा दोनच. विषाणू स्वतःची नक्कल करताना सारख्या चुका करतो, आणि त्यातल्या एका जागेचं अक्षर डोसनंतर थोड्याच दिवसांत पुन्हा मूळपदावर येतं. हे जवळजवळ प्रत्येक मुलात घडतं आणि मुलाला सहसा काही होत नाही, कारण तोवर त्याची प्रतिकारशक्ती तयार होत आलेली असते.

सरमिसळ ही याहून वेगळी गोष्ट. शाळेत आपण आजारपणानंतर मैत्रिणीची वही उतरवून घ्यायचो ते आठवा. समोर दोघींच्या वह्या उघड्या आहेत. एकीची वही उतरवता उतरवता ओळ चुकते आणि नजर दुसरीच्या वहीवर जाते. धडा तोच, म्हणून हात थांबत नाही. तुमच्या वहीत अर्धं पान एकीचं आणि अर्धं दुसरीचं. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले की नक्कल करणारं विकर (एन्झाइम) असंच एका साच्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं. पोलिओत ही उडी नक्कल चालू असतानाच पडते, हे १९८६ साली कार्ला किर्केगार्ड आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी दाखवलं.

दुसरी वही कुणाची? पूर्वी एकाच डोसमध्ये तिन्ही टाईप असायचे, तेव्हा त्यांची आपापसात सरमिसळ व्हायची. डोस घेतलेल्या निरोगी बाळांच्या स्टूलमध्ये असे विषाणू नेहमी दिसत. आणि पोलिओचे सख्खे भाऊबंदही आहेत, म्हणजे एंटेरोव्हायरस या आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंच्या कुळातल्या सी गटातले. कॉक्सॅकी ए १३, ए १७ वगैरे. उष्ण प्रदेशात, जिथे सांडपाणी आणि पिण्याचं पाणी फार लांब नसतं, तिथे हे मुलांच्या आतड्यात सर्रास असतात. बहुतेकदा कसलाही त्रास देत नाहीत.

हे जगाच्या लक्षात आलं ते हिस्पॅनिओला बेटामुळे. डोमिनिकन प्रजासत्ताक आणि हैती हे दोन देश त्या एकाच बेटावर आहेत. अमेरिका खंड १९९४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला होता, आणि २००० साली तिथे मुलं लुळी पडायला लागली. एकूण २१ रुग्णांची खात्री झाली. विषाणूचं बाहेरचं कवच लसीतल्या टाईप १ चं होतं, पण आतला यंत्रणेचा भाग, म्हणजे नक्कल करणारी विकरं वगैरे ज्यातून बनतात तो मजकूर, भलत्याच एंटेरोव्हायरसचा. बदललेली अक्षरं मोजली तेव्हा कळलं की तो सुमारे दोन वर्षं मुलांमुलांतून फिरत होता. हैतीत तेव्हा लसीकरण फार कमी झालेलं होतं. पुढच्याच वर्षी मादागास्करमध्ये टाईप २ चं तसंच झालं. तिथे आसपासच्या धडधाकट मुलांचेही नमुने तपासले, तर त्या पोलिओला ज्यांचे तुकडे जोडलेले होते ते कॉक्सॅकी विषाणू त्याच मुलांत मिळाले.

म्हणजे सरमिसळ होते. माझं म्हणणं इतकंच आहे की ती कुठे वाढत जाते ते बघा. ज्या मुलाने डोस घेतला त्याच्यापाशी ती संपते. तिला पुढे जायला डोस न घेतलेली मुलं लागतात, एक दोन नव्हे, रांगेने.

आईची_डायरी

ताई, धाग्याबद्दल आभार, पण खरं सांगते, वाचून पोटात गोळा आला. माझं बाळ चार महिन्यांचं आहे, आम्ही नाशिकला असतो. त्याचे सगळे डोस आणि इंजेक्शनं वेळेवर झाली आहेत. मग रविवारी पुन्हा थेंब द्यायचे की नाही? सासूबाई म्हणतात द्यायचे, नवरा म्हणतो आधी विचारून घे.

बालमित्र_सोलापूर

द्यायचे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, माझ्या नातीलाही याच रविवारी घेऊन जाणार आहे.

तुमच्या बाळाला जन्मल्यावर, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना थेंब मिळाले असतील, आणि सहाव्या व चौदाव्या आठवड्याला दंडावर छोटं इंजेक्शन. इंजेक्शनची लस मेलेल्या विषाणूची असते. ती वाढत नाही, त्यामुळे मिसळण्याचा प्रश्नच नाही. तिसरं इंजेक्शन नवव्या महिन्यात, ते चुकवू नका. २०२३ पासून ते सुरू झालं आहे. ज्या बाळाला ही इंजेक्शनं मिळाली आहेत त्याच्या रक्तात आधीच संरक्षण आहे, थेंबांतला विषाणू त्याच्या मज्जारज्जूपर्यंत पोचणं फार अवघड.

लसीच्या विषाणूनेच लुळेपणा येतो का? येतो. पहिल्या डोसच्या साधारण सत्तावीस लाखांमागे एक, असं प्रमाण धरतात. ते शून्य आहे असं मी कुणालाही सांगत नाही. त्यातही सगळ्यात त्रासदायक टाईप २ होता, आणि २५ एप्रिल २०१६ पासून तो आपल्याकडच्या थेंबांतून काढून टाकला आहे.

एकच विचारतो. घरात कुणाला जन्मतः प्रतिकारशक्तीचा आजार आहे का, किंवा बाळाला वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात का? असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

आईची_डायरी

नाही डॉक्टर, तसं काही नाही. मनापासून आभार.

सडेतोड

धागा चांगला आहे, पण माझा एक राग आहे आणि तो इथे मांडतो. माझ्या मुलीच्या वेळी, २००४ ते २००९ या काळात, आम्ही वर्षातून कितीतरी वेळा बूथवर गेलो. "दो बूंद जिंदगी की" सगळीकडे होतं. यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. हिस्पॅनिओलाचं तर तोवर छापूनही आलं होतं म्हणता. अमेरिकेने २००० साली थेंब बंद करून इंजेक्शन धरलं. मग आमच्या मुलांना जिवंत विषाणू का? गरिबांना स्वस्तातलं, असंच ना?

सूक्ष्मदर्शी

तुमचा राग रास्त आहे. सांगायला हवं होतं. बूथवर एका ओळीत नसतं सांगता आलं, पण वर्तमानपत्रांत आणि दूरदर्शनवर नक्की आलं असतं. लोक घाबरतील म्हणून न सांगणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. आज तो निरोप एवढा चालतो तो त्यामुळेच. आपल्यापासून काहीतरी लपवलं, एवढं लोकांना आधीच ठाऊक असतं.

पण जिवंत लस का, याला किंमतीपलीकडचं कारण आहे. इंजेक्शनने मुलाचा पाय वाचतो, पण आतड्याचं दार बंद होत नाही. इस्राएलमध्ये जवळजवळ सगळ्या मुलांना इंजेक्शनं मिळालेली होती. तरी २०१३ साली जंगली, म्हणजे लसीतून न आलेला, टाईप १ तिथल्या सांडपाण्यात कित्येक महिने मिळत राहिला. एकही मूल लुळं पडलं नाही, आणि विषाणू मात्र आतड्या-आतड्यांतून फिरत होता. शेवटी त्यांनी थेंब पाजले तेव्हा तो थांबला. आपल्याकडे उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये २००९ पर्यंत इतका विषाणू होता की त्या एका वर्षात देशात ७४१ रुग्ण होते. तिथे दार बंद करणारीच लस हवी होती. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात जंगली पोलिओचा एकही रुग्ण झाला नाही, तो थेंबांनी.

वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन मात्र इंजेक्शनही जोडा असं कित्येक वर्षं लिहीत होते. आपण ते ३० नोव्हेंबर २०१५ ला आणलं. आधी यायला हवं होतं, या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे.

वाटसरू_कोरेगाव

मी १९७१ चा. दीड वर्षाचा होतो, चार दिवस ताप आला आणि पायावरून वारं गेलं, असं आई सांगायची. गावात डोस नव्हताच. उजव्या पायाला कॅलिपर आहे, त्यावर सगळं आयुष्य निघालं, नोकरी झाली, मुलं शिकली. कॅलिपरचा पट्टा उन्हाळ्यात मांडीला काचतो, तेवढी एक गोष्ट अजून सवयीची झाली नाही.

मला एकच विचारायचं आहे. लसीचा विषाणू दुसऱ्याचा तुकडा घेतो, त्यामुळेच तो जहाल होतो का? आणि त्याने लुळं पडलेलं मूल आणि माझ्यासारखं मूल, यात काही फरक असतो का?

सूक्ष्मदर्शी

काका, फरक काही नसतो. पाय तोच. म्हणूनच "हा फक्त लसीचा विषाणू आहे" असं कुणी म्हणालं की मला त्रास होतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर आमच्याकडे चहाच्या वेळी तासन्‌तास वाद व्हायचे. साथ पसरवणारे लसजन्य विषाणू जवळजवळ सगळे सी गटाचा तुकडा घेतलेले असतात. त्यामुळे तुकडा घेतला म्हणून जहाल झाला, असं पटकन वाटतं. पण दुसरी बाजू बघा. ज्यांची प्रतिकारशक्ती जन्मतःच नसते, अशा काही माणसांच्या आतड्यात लसीचा विषाणू वर्षानुवर्षं राहतो. तोही जहाल होतो, त्याची दुबळेपणाची अक्षरं पुसली जातात, पण त्यात बाहेरच्या एंटेरोव्हायरसचा तुकडा सहसा नसतो. म्हणजे जहाल व्हायला तुकडा लागतोच असं नाही.

मग तो इतक्या नेमाने का दिसतो? मला पटणारं उत्तर असं. दुबळेपणा जातो तो मुख्यतः त्या मोजक्या अक्षरांमुळे. आणि परक्याचा तुकडा म्हणजे त्या विषाणूच्या प्रवासाची खूण. वारीला जाऊन आलेल्याच्या गळ्यात माळ असते तशी. तो पुष्कळ मुलांतून गेला, त्यातल्या कुणाच्या तरी पोटात दुसरा विषाणू आधीच होता, तिथे जोड बसला. उसना तुकडा लसीच्या मूळ तुकड्यापेक्षा पेशीत अधिक चपळ असतो, त्यामुळे पसरायला मदत होते, हेही बरेच जण मानतात. तेही खरं असू शकतं. पण मुलांची रांगच नसती तर जोड बसायला वेळच मिळाला नसता.

आम्ही तो प्रवास मोजतोही. कवचातल्या व्हीपी१ नावाच्या जनुकात साधारण नऊशे अक्षरं असतात, त्यातली वर्षाला सुमारे एक टक्का बदलतात. टाईप १ आणि ३ मध्ये दहा अक्षरं बदललेली दिसली, टाईप २ मध्ये सहा, की तो नुसता लसीचा विषाणू न मानता लसजन्य पोलिओ विषाणू मानायचा. पंधरा वर्षांखालचं कुठलंही मूल अचानक लुळं पडलं की त्याचे चोवीस तासांच्या अंतराने दोन स्टूल नमुने घेतात ते यासाठीच. परळच्या एंटेरोव्हायरस केंद्रात हे काम कित्येक वर्षं चाललं आहे, मुंबईचं सांडपाणीही तिथे तपासलं जातं.

पशुवैद्य_सांगली

आमच्या क्षेत्रातलं एक उदाहरण देते, कारण ते फार बोलकं आहे. कोंबड्यांना स्वरयंत्राचा आणि श्वासनलिकेचा एक संसर्गजन्य रोग होतो, नागीण गटातल्या विषाणूमुळे. ऑस्ट्रेलियात त्यावर वेगवेगळ्या वंशाच्या जिवंत लसी वापरात होत्या. त्या दोन लसींचीच आपापसात सरमिसळ झाली आणि कोंबड्या मारणारा विषाणू तयार झाला. २०१२ मध्ये हे सिद्ध झालं. तेव्हापासून मी पोल्ट्रीवाल्यांना एकच कळकळीने सांगते: एका शेडमध्ये एकच वाण वापरा, आणि सगळ्या पक्ष्यांना एकदम द्या. अर्ध्यांना दिली, अर्ध्यांना नंतर बघू, असं करू नका.

नवखा_बाबा

मग रोटाचं, म्हणजे जुलाबावरच्या लसीचं, काय? तेही थेंबच असतात आणि जिवंतच ना?

सूक्ष्मदर्शी

हो, जिवंतच. पण तिथली सरमिसळ वेगळ्या जातीची. रोटाचा जनुकसाठा एका लांब दोरीसारखा नसून अकरा सुट्या तुकड्यांचा असतो. दोन रोटा विषाणू एका पेशीत आले की पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तसे ते अकरा तुकडे पिसले जातात. लस बनवणाऱ्यांनी हाच गुण कामाला लावला. पुण्याच्या सीरमची रोटासिल लस गायीच्या रोटाची चौकट घेऊन, त्यात माणसाच्या रोटाचे कवचाचे तुकडे घालून बनवली आहे. रोटावॅकची गोष्ट मला त्याहून आवडते. तिचा ११६ई हा विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात नवजात बाळांत मिळाला. माणसाचा रोटा, पण एक तुकडा गायीच्या रोटाचा. तो जोड निसर्गानेच बसवलेला. त्या बाळांना जुलाब झाले नव्हते, आणि पुढे त्यांना रोटाचा जोरदार त्रासही कमी झाला. डॉ. महाराज किशन भान यांनी ते ओळखलं आणि तीस वर्षांनी त्याची लस झाली.

परदेशातल्या एका पाच वाणांच्या रोटा लसीत दोन वाणांची अदलाबदल होऊन तयार झालेला विषाणू ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या जुलाब झालेल्या बाळांत सापडला आहे. पोलिओसारखी साथ मात्र त्यातून उभी राहिलेली नाही.

बालमित्र_सोलापूर

नवखा_बाबा, रोटाचा पहिला डोस वेळेत घ्या, सहा आठवड्यांना. उशिरा सुरू करायचा नसतो.

आशा_कर्जत

नमस्कार. मी आशा सेविका आहे, अहिल्यानगर जिल्ह्यात. इथलं सगळं शास्त्र मला कळलं असं नाही, पण ती "रांग" म्हणताय ना, ती मी डोळ्यांनी बघते.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडच्या, जामखेड पाथर्डीकडच्या. कारखान्याच्या बाजूला पालं पडतात. पहाटे तीनला गाडीवान निघतो, बाई बरोबर, कडेवर लेकरू. आम्ही व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन नऊला पोचतो तर पालावर म्हातारी आणि चार मोठी पोरं. बारकी सगळी फडात. मग फडात जायचं. बोटाला शाई बघायची, डाव्या करंगळीला. नसली तर पाजायचं. घरावर खडूने पी लिहितात, मूल राहिलं असेल तर एक्स. पालाच्या ताडपत्रीवर खडू उठत नाही, म्हणून आम्ही वहीत मुकादमाचं नाव लिहितो. टोळी पंधरा दिवसांत दुसऱ्या गावाला गेली की वहीचा उपयोग संपला.

पाणी कालव्याचं, शौचाला ऊस. सोसायटीतल्या एका बाळाने डोस नाही घेतला तर त्याच्या घरी नळ आहे, संडास आहे. या लेकरांकडे करंगळीवरची शाई सोडून दुसरं काही नाही.

वाटसरू_कोरेगाव

आशाताई, नमस्कार करतो तुम्हाला.

सडेतोड

आशाताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा राग सरकारवर आहे, तुमच्यावर नाही, हे सांगणं गरजेचं वाटलं. सूक्ष्मदर्शीताई, एक शेवटचा प्रश्न. सरमिसळच होऊ नये अशी लस बनवता येत नाही का?

सूक्ष्मदर्शी

प्रयत्न झाला आहे, आणि फार हुशारीने झाला आहे. टाईप २ थेंबांतून काढल्यावर २०१६ नंतर जन्मलेल्या मुलांच्या आतड्याला त्याची ओळखच राहिली नाही. आफ्रिकेत कुठेतरी शिल्लक राहिलेला आणि नंतर साथ रोखायला पुन्हा पाजलेला टाईप २ त्यांच्यात पसरला. २०२० या एका वर्षात लसजन्य टाईप २ ने हजाराहून जास्त मुलं लुळी पडली. २०२२ मध्ये तो न्यूयॉर्क आणि लंडनच्या सांडपाण्यात निघाला, २०२४ मध्ये गाझात. तिथे युद्धात लसीकरण कोलमडलं होतं. दहा महिन्यांचं एक बाळ लुळं पडलं, पंचवीस वर्षांतलं तिथलं पहिलं.

त्यासाठी टाईप २ ची नवी तोंडी लस तयार केली. दुबळेपणाची जागा अशी बांधली की एका अक्षराच्या चुकीने ती सुटत नाही. नक्कल करणारं विकर असं बदललं की चुका आणि उड्या दोन्ही कमी व्हाव्यात. आणि तिसरी युक्ती मला सगळ्यात सुंदर वाटते. विषाणूच्या मजकुरात हुकासारखा वळलेला एक छोटा आकडा असतो, त्याच्याशिवाय नक्कल सुरूच होत नाही. मूळ विषाणूत तो मध्यभागी असतो. नव्या लसीत मधला आकडा निकामी केला आणि त्याची प्रत सुरुवातीला, दुबळेपणाच्या जागेला चिकटून बसवली. आता या विषाणूने दुबळेपणा टाकण्यासाठी भाऊबंदाची सुरुवात उसनी घेतली, तर त्याबरोबर आकडाही जातो आणि नक्कलच थांबते.

मार्च २०२१ पासून ती वापरात आली, तिचे शंभर कोटींच्या वर डोस दिले गेले. जुनीपेक्षा ती पुष्कळ स्थिर आहे. तरी मार्च २०२३ मध्ये कांगो आणि बुरुंडीत तिच्यापासून निघालेला विषाणू मिळाला. दोन ठिकाणी एकदम जोड बसला तर ती आकड्याची अडचणही ओलांडली जाते, आणि तसे दुहेरी जोडाचे विषाणू सापडले आहेत. मिळाले ते लसीकरण अर्धवट राहिलेल्या भागांतच.

आईची_डायरी

काल बाळाला डोस दिला. बूथवर गर्दी नव्हती, पाच मिनिटांत झालं. येताना शेजारच्या इमारतीच्या बांधकामावर तीन लहान मुलं वाळूत खेळत होती. तिघांच्या करंगळ्या बघितल्या, कुणालाच शाई नव्हती. त्यांची आई म्हणाली आम्ही छत्तीसगडचे, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी परत जाऊन बूथवरच्या सिस्टरना सांगितलं, पण त्यांची आवराआवर चालली होती. आता काय करू?

आशा_कर्जत

ताई, काळजी करू नका, आजपासून घरोघरची फेरी असते. सुपरवायझरला फोन करून बांधकामाचा पत्ता द्या, आणि सकाळी लवकरची वेळ सांगा, कामाला लागायच्या आत. मुकादमाला विचारून बघा, आत पत्र्याच्या खोल्यांत आणखी बारकी पोरं असतील. ती खेळायला बाहेर येत नाहीत, ती आधी मोजा.